काठीचे ठाण

खैरसांगी हे गाव नेवाशाच्या खालच्या अंगास, प्रवरेच्या काठी वसलेले आहे. तेथील भैरोबाचे देवस्थान जागृत असून चैत्रात त्याची यात्रा भरते. यात्रेचे मुख्य अंग म्हणजे देवाची काठी. एका सरळ, पोसलेल्या वेळूला तांबडे वस्त्र गुंडाळलेले असते. शेंड्यावर मोरपिसांचा तुरा आणि पितळी कळस असतो, आणि उभी केली असता ती काठी माडीच्या कौलांवरून डोकावते. ती खांद्यावर नेण्याची रीत नाही. मानकऱ्याच्या कमरेस चामड्याचा पट्टा असतो, पट्ट्याला पुढे एक वाटी शिवलेली असते. त्या वाटीत काठीचा बुंधा ठेवावयाचा आणि दोन्ही हातांनी तोल राखीत नदीपासून देवळापर्यंत यावयाचे.

परंतु खरी परीक्षा चालण्यात नव्हतीच. देवळापुढे एक काळा चौरस दगड आहे. आरतीला आरंभ झाल्यापासून भगत गुलाल उधळीपर्यंत मानकऱ्याने त्या दगडावर काठीसह उभे राहावयाचे. पाय दगडावरून उतरला किंवा काठी भुईला टेकली, तर गावाचे वर्ष वाईट गेले असे समजावे. या उभे राहण्याला गावात ‘ठाण’ म्हणत.

ठाण पिढ्यान्‌पिढ्या घराण्याच्या थोरल्या पातीकडे, म्हणजे वडील शाखेकडे, होते, आणि धाकट्या पातीतल्या कारभारी नावाच्या गड्याच्या काळजात तेच कुसळासारखे रुतून बसले होते.

कारभारीला तसे कशाचे उणे नव्हते. पाटाचे पाणी होते, ऊस होता, दावणीला खिलारी बैल होते. छाती दाराएवढी होती. परंतु यात्रेच्या दिवशी त्याचा थोरला चुलतभाऊ भिमाजी काठी घेऊन दगडावर चढला, की बायाबापड्या आधी देवाच्या आणि मग भिमाजीच्या पाया पडत. कारभारीने मात्र गर्दीत उभे राहून टाळ्या वाजवावयाच्या. आजा एकच, रक्त एकच, मग एकाने पूज्य व्हावे आणि दुसऱ्याने टाळकुटे राहावे, हा कोठला न्याय? या विचाराने त्याचे अन्न गोड लागत नसे. दोन्ही घरांचे बांध एकमेकांना लागून होते. पण बांधावरची बोरेसुद्धा कोणी कोणाची खात नव्हते.

सन एकोणीसशे सत्तरच्या उन्हाळ्यात विहिरीचे काम चालू असता दगड वर ओढणाऱ्या यारीचा दोर तुटला आणि दगडांनी भरलेली पाटी भिमाजीच्या डाव्या मांडीवर आली. हाड मोडले. नगरला दवाखान्यात त्याचा पाय वजन लावून टांगून ठेवला होता, परंतु पाऊस पडल्याचे ऐकताच पेरणीच्या ओढीने तो कोणाचे न ऐकता घरी निघून आला. हाड जुळले, पण आखूड जुळले. पुढे तो चालू लागला तेव्हा त्याचा डावा खांदा प्रत्येक पावलाला खाली बुडे आणि पुन्हा वर येई.

ते पाहून कारभारीला जो आनंद झाला तो त्याने कोणापासून लपविला नाही. “देवानंच निवाडा केला,” असे तो पारावर उघड म्हणाला.

परंतु माघ सरत आला तशी बातमी आली, की भिमाजी यंदाही काठी उचलणार. त्याची आई बायडाबाई हिने म्हणे पट्ट्याला तेलसुद्धा लावून ठेवले होते. कारभारीच्या तळपायाची आग मस्तकास गेली. नुसते ‘लंगडा आहे’ म्हणून भागणार नव्हते. गाव हळवे, ते म्हणेल देवाच्या दारी कोण लंगडा आणि कोण धड! पंचांपुढे ठेवण्याजोगे काहीतरी ठोस हवे होते. तेव्हा त्याला आपल्या मेहुण्याची आठवण झाली.

कारभारीची बायको रतनबाई हिचा भाऊ आप्पासाहेब तालुक्याच्या गावी हायस्कुलात शास्त्र शिकवीत असे. त्याच्या वर्गात काचेच्या कपाटात मनुष्याचा खरा सांगाडा आहे, हे कारभारीने ऐकले होते.

“या दाजी,” आप्पासाहेब म्हणाला, “आज शाळेची वाट कशी सापडली?”

“सापडत न्हवती म्हनूनच चौथीतनं पळून गेल्तो. त्ये ऱ्हाऊं द्या. मला मढं दावा.”

कपाट उघडले. आत पिवळट हाडांचा एक माणूस दात विचकून उभा होता. कारभारीने मनात भैरोबाचे नाव घेतले. मग त्याची नजर सरावली आणि तो सांगाड्याभोवती बैलबाजारात फिरावे तसा फिरू लागला.

“मास्तर, मानूस उभा ऱ्हातो कसा, त्ये सांगा. आन एक पाय आखूड झाला तर काय व्हतं, त्ये बी.”

आप्पासाहेबाला शिकविण्याची मनापासून आवड होती. त्याने छडी घेतली. “ही कवटी. ही मानेच्या पहिल्या मणक्यावर चुंबळीवर घागर बसावी तशी बसलेली आहे. त्याखाली मणक्यांची उतरंड. तिचा सगळा भार या कमरेच्या हाडावर येतो. हे परातीसारखे पसरट आहे, पाहिलेत? येथून भार दोन वाटा घेतो. मांडीचे हाड, गुडघा, नडगी, घोटा, टाच. असा तो जमिनीत जातो.”

“हाडावर हाड,” कारभारी म्हणाला. “दगडावर दगड रचावा तसं.”

“तसेच नव्हे, पण असो. आता एक पाय आखूड झाला असे समजा. परात कलली. परात कलली की वरची उतरंड एका बाजूला जाणार. मग डोके सरळ राखण्यासाठी तिला वर पुन्हा उलट वाकावे लागणार. कणा नागमोडी होतो.”

“नागमोडी!” कारभारीने तो शब्द पेढ्यासारखा तोंडात घोळवला. “म्हंजे उभा हाय आसं वाटतं, पन वाकडाच.”

“थांबा, अर्धे ऐकून जाऊ नका. हा सांगाडा काही स्वतः उभा नाही. वर पाहा, कवटीला आकडा आहे. आकडा काढला तर खाली हाडांचा ढीग पडेल. माणसाला हाडे उभी करीत नाहीत, दाजी. शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, म्हणून आपण सारखे पुढे कलतो आणि पोटऱ्या आपल्याला सारख्या मागे ओढतात. जिवंत माणूस उभ्याउभ्या सतत डुलत असतो. पोटऱ्यांच्या त्याच हालचालीने पायातले रक्त वर चढते. लष्करात कवायतीला गुडघे ताठ करून पुतळ्यासारखे उभे राहणारे जवान उन्हात धाडकन कोसळतात ते...”

परंतु कारभारीच्या हाती हवे ते लागले होते. तो सांगाड्याच्या गुडघ्याकडे पाहत होता. वरचे हाड खालच्या हाडावर कसे बेमालूम बसले होते! न डगमगणारे, न थरथरणारे. असे ठाण भिमाजीने तरी कधी दिले होते काय? तो तर दगडावर सदा वाऱ्यावरच्या कणसासारखा डुलत असे.

फाल्गुनात चावडीवर पंच बसले. पंचांत सहादेवबाबा मुख्य. वयाने पिकलेले, बोलण्यात तुटक. कारभारी गवंड्याचा ओळंबा घेऊन आला होता.

“मला कुनाचा मान नको,” त्याने आरंभ केला, “पन काठी देवाची हाय. ती वाकड्या मान्साच्या कमरंला सरळ ऱ्हानार न्हाई. मी तालुक्याला जाऊन मान्साची हाडं बघून आलोय.”

“मढ्याला इचारून आलास व्हय रं?” बायडाबाई भिंतीकडून कडाडली. “जित्या मान्साची तपासनी कराया मढं कशाला लागतं? तुझ्या बानं कधी मढ्याचा सल्ला घेतला न्हवता!”

“काकू, तुमी गप ऱ्हा. हितं शास्त्राचं बोलनं चाललंय.”

“शास्तर! चौथी नापास!”

चावडीत हशा झाला. त्या हशाने कारभारी अधिकच पेटला. “भिमाजीला उभा करा,” तो म्हणाला. “सदरा काढून. म्होरं येऊ द्या.”

भिमाजी उठला. त्याने सदरा काढला, तो घडी करून आईच्या मांडीवर ठेवला आणि गावाकडे पाठ करून उभा राहिला. कारभारीने त्याच्या मानेच्या मणक्याशी ओळंब्याचा दोरा धरला. वजन खाली लोंबले, थोडा वेळ फिरले आणि स्थिर झाले. दोरा सरळ होता. भिमाजीची पाठ सरळ नव्हती. कमरेजवळ ती दोऱ्याच्या डाव्या बाजूस निघून जाई आणि खांद्यांशी पुन्हा उजवीकडे वळे. डाव्या कुल्ल्याचे हाड उजव्यापेक्षा खाली होते, आणि ते आता चावडीतल्या पोरासोरांनाही दिसले.

“बघा,” कारभारी म्हणाला. “ही परात कलली. ही उतरंड वाकली. ह्यो मानूस न्हाई, पंच, ह्यी नागमोडी वाट हाय!”

कोणी हसले, कोणी खाली पाहिले. भिमाजीच्या पाठीवर घाम आला होता, पण तो वळला नाही.  बायडाबाईने मांडीवरचा सदरा मुठीत आवळला होता.

“झालं का तुझं मोजून?” भिमाजीने विचारले.

“झालं.”

भिमाजी वळला. “तुझं हाड न हाड सरळ हाय, कारभाऱ्या. वाकडं काय हाय त्ये वळंब्यानं मोजता येत न्हाई, न्हाईतर तुझा दोरा पुरला नसता.” मग पंचांकडे पाहून तो म्हणाला, “ह्याला देऊन टाका यंदा काठी. पन बोली करून. ठाण पुरं झालं, तर मान कायमचा धाकट्या पातीचा; माझी पोरं पुन्यांदा मागनार न्हाईत. आन मोडलं, तर ह्याच्या सात पिढ्यांनी काठीला हात लावायचा न्हाई.”

“कबूल!” कारभारी ओरडला.

सहादेवबाबांनी दोघांकडे पाहिले. “भावाभावांत आसली बोली करू न्हाई,” ते म्हणाले. पण दोघांपैकी एकही मागे हटेना, तेव्हा त्यांनी भंडारा मागविला, दोघांच्या कपाळाला लावला, आणि बोली पक्की झाली.

त्या दिवसापासून कारभारीने उसाच्या कडेला सराव मांडला. काठीएवढाच लांब वेळू आणला, शेंड्याला कळसाच्या वजनाचे लोखंडी कडे बांधले. वेळू कमरेच्या वाटीत धरून तो उभा राही आणि मनातल्या मनात कपाटातला तो गुडघा आठवी. वरचे हाड खालच्या हाडावर. गुडघे मागे दाबून घट्ट. टाचा जुळलेल्या. पाठ फळीसारखी. जरा डुलल्यासारखे वाटले की तो स्वतःवरच खवळे, ‘ही भिमाजीची चाल!’ आणि अधिकच ताठ होई. माघारी येताना पोटऱ्या बधिर झालेल्या असत. त्याला तो आपल्या निश्चलतेचा पुरावा वाटे.

रतनबाई भाकरी घेऊन आली की लांबूनच पाहत थांबे.

“आवं, उभं ऱ्हायलाय का पुरून घेतलंय?” ती एकदा म्हणाली. “आप्पासाहेब म्हनत हुता, गुडघं ढिलं सोडा म्हनून सांग दाजींना.”

“तुज्या भावाला म्हनावं, तू पोरं हान. काठीचं आमी बघू.”

“माजा भाऊ पोरं हानतो, पन तुमच्यावानी येळूसंगं भांडत न्हाई.”

“भाकर ठिव आन जा.”

ती गेली. पण जाताना म्हणाली, “समद्या गावाला धाकट्या पातीचा मान पायजे आसं तुमाला वाटतंय. माजी लेकरं बोरं मागत्यात बांधावरची. ती पयली आना.”

कारभारीने मान वर केली. गुडघे मागे दाबून तो शेंड्यावरच्या लोखंडी कड्याकडे पाहत राहिला.

यात्रेचा दिवस उजाडला. प्रवरेच्या पाण्यात काठीला स्नान घातले गेले, हलगी कडाडली, आणि कारभारीच्या कमरेस पट्टा बांधला गेला. तो पट्टा नवा होता. थोरल्या पातीने आपला जुना पट्टा द्यावयास साफ नकार दिला होता. काठी उचलली तेव्हा लोकांनी ‘भैरोबाच्या नावानं चांगभलं’ केले, आणि त्या गजराने कारभारीचे डोळे पाणावले. नदीपासून देवळापर्यंत तो उत्तम चालला. खोटे कशाला सांगावे? त्याच्या दंडात बळ होते, नजर कळसावर खिळलेली होती, आणि चालताना पाय आपोआप आपले काम करीत होते. म्हाताऱ्या बायका त्याच्या पायांवर पाणी ओतीत होत्या. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हेच, असे त्याला वाटले.

तो काळ्या दगडावर चढला. दगड उन्हाने तापला होता. त्याने टाचा जुळविल्या, गुडघे मागे दाबले, पाठीची फळी केली. काठी सरळ उभी राहिली. तिचा कळस जणू आकाशाला खिळा ठोकून बसविला होता.

“वा!” कोणी तरी म्हणाले. “हलत न्हाई गड्या. खांबच!”

आरती सुरू झाली. त्या वर्षी शिवेवरच्या गावांचे पाहुणे अधिक आले होते, म्हणून भगत प्रत्येक गावाचा मान पुकारीत होता, नारळ घेत होता, पुन्हा पुकारीत होता. कारभारी हलला नाही. पोटऱ्या आधी दुखल्या, मग दुखेनाशा झाल्या. पाय कोणा दुसऱ्याचे असावेत असे जड झाले. कानांत हलगीचा आवाज लांबून येऊ लागला. एवढ्या उन्हात त्याच्या ओठांवर गार घाम आला. कळसाच्या कडा पुसट झाल्या.

“कारभारी,” सहादेवबाबा दगडाजवळ येऊन हळूच म्हणाले, “गुडघं सोड. जरा डुल. डुलाया बंदी न्हाई.”

डुलायचे? भिमाजीसारखे? कारभारीने दात आवळले आणि गुडघे आणखी मागे रेटले.

नदीकडून वाऱ्याची एक झुळूक आली. मोरपिसे फडफडली आणि शेंडा किंचित पूर्वेकडे गेला. एवढ्या झुळकेला कोणतेही जिवंत शरीर नकळत उत्तर देते, पण कारभारीच्या शरीराने सगळ्या वाटा बंद करून घेतल्या होत्या. काठी गेली तसा तोही अखंड खांबासारखा तिच्याबरोबर कलू लागला. बायकांनी किंकाळी फोडली. त्याने गुडघा वाकवू पाहिला. गुडघा आता ऐकत नव्हता.

त्या वेळी त्याला समोर भिमाजी दिसला. तो गर्दीत नव्हता. दगडाला अगदी खेटून उभा होता. त्याने अंगातला सदरा वर खोवला होता, आणि त्याच्या कमरेला जुना, तेल पाजलेला पट्टा बांधलेला होता. म्हणजे हा सकाळपासून आपण पडण्याची वाट पाहत होता तर! कारभारीच्या मनात द्वेष असा उसळला, की क्षणभर त्याच बळावर काठी थांबली.

“धरू का?” भिमाजीने विचारले. त्याच्या आवाजात दया नव्हती. हात मात्र त्याने अजून पुढे केले नव्हते.

कारभारीने काठी आणखी घट्ट धरली. शेंडा पुन्हा कलला.

“तोंडानं सांग. समद्यांनी ऐकू दे. तू सांगितल्याबिगर मी हात लावनार न्हाई. जाऊं दे गावाचं वरीस.”

“भिमा!” सहादेवबाबा ओरडले.

“न्हाई बाबा. माजी पाठ ह्यानं समद्यांना दावली.”

कारभारीला गावाचे वर्ष दिसले नाही, देव दिसला नाही. फक्त कळस दिसला, आणि तो खाली येत होता. त्याने तोंड उघडले.

“धर.”

“काय?”

“धर म्हनतो!”

भिमाजी दगडावर चढला. त्याने वेळूला छातीशी मिठी घातली, बुंधा उचलून आपल्या वाटीत ओढला, आणि कारभारी तेथल्या तेथे दगडावर मटकन बसला. दोन जणांनी त्याला काखेत हात घालून खाली ओढले. खाली आडवे होताच त्याच्या डोळ्यांपुढचा अंधार विरळ झाला. डोके जमिनीच्या पातळीवर आले, रक्त परतले, आणि त्याला सर्वांत आधी दिसले ते भिमाजीचे पाय.

उजवा पाय दगडावर पूर्ण टेकला होता. डाव्याची टाच अधांतरी होती. तो चवड्यावर उभा होता आणि त्याची बोटे दगडाला सारखी चाचपत होती, पकडत होती, सोडत होती. पोटरीचा गोळा वर सरके, खाली सरके. गुडघा थोडा वाके, थोडा सरळ होई. वरची परात कललेलीच होती, वरचा कणा नागमोडीच होता. सगळा माणूस बाभळीच्या खोडासारखा वाकडा होता, आणि एक पळभरही स्थिर नव्हता. त्याच्या कमरेतून निघालेली काठी मात्र ओळंब्याच्या दोऱ्यासारखी सरळ आभाळात गेली होती.

भगताने उरलेली गावे पुकारली. शेवटी गुलाल उधळला. ‘चांगभलं’ झाले. काठी उतरविली गेली, आणि बायका भिमाजीच्या पाया पडू लागल्या. बायडाबाई तेवढी कारभारीजवळ येऊन उभी राहिली.

“पाणी पी,” तिने तांब्या पुढे केला. “आन ध्यानात ठिव, ह्यो थोरल्या पातीचा तांब्या हाय.”

कारभारीने तांब्या हाताने बाजूला सारला. पाणी मातीत सांडले.

सहादेवबाबा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काठी भुईला टेकली न्हाई, गावाचं वरीस राखलं. पन बोली ठरल्याली हाय. धाकट्या पातीनं आता काठी मागायची न्हाई.”

कारभारी उठून बसला. पायांत अजून मुंग्या होत्या. रतनबाई त्याचे पागोटे झटकून पुढे धरीत होती. तिच्याकडे न पाहता त्याने ते घेतले. तो भिमाजीकडे बघत होता, आणि इतके होऊनही त्याच्या डोळ्यांतला निखारा विझलेला नव्हता.

“न्हाई मागनार,” तो म्हणाला. “पन ह्याचा पाय आखूडच हाय. त्ये काय बदलत न्हाई.”

भिमाजीने पट्टा सोडून आईकडे दिला. “हाय की,” तो म्हणाला. “आन तुज्या-माज्या रानाच्या मधी बांध बी हाय. त्यो वलांडू नको.”

कारभारी हाताने जमीन रेटून उठला. पहिल्याच पावलाला त्याचा बधिर डावा पाय लटपटला आणि खांदा खाली बुडाला. कोणी तरी हसले. तो थांबला नाही. रतनबाई दोन हात मागे राहून चालत होती. तिने त्याला धरले नाही, आणि त्यानेही आधार मागितला नाही.